साइटवर डीडॉस अटॅक आला तर: काय भरतंय ते ओळखा आणि त्याच्या आधी अडवा

साइट बंद पडली की पहिला प्रश्न येतो, "हॅक झालं का?" तर आधी हे क्लियर करून घेऊ, डिनायल ऑफ सर्व्हिस अटॅकमध्ये कोणी तुमच्या सर्व्हरमध्ये शिरत नाही, पासवर्ड चोरत नाही, डेटाला हात लावत नाही. तो फक्त दारात एवढी गर्दी करतो की खऱ्या माणसाला आत पाऊल ठेवता येत नाही. एका मशीनवरून केलं तर डॉस, हजारो मशीनवरून एकदम केलं तर डीडॉस, बाकी तत्त्व तेच.

मी बरीच वर्षं छोट्यामोठ्या साइट्सचे सर्व्हर बघतोय आणि माझं निरीक्षण असं की लोक "कोण करतंय" यातच अडकून बसतात. कोण ते बहुतेक वेळा शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळून त्या क्षणी फायदाही काही नसतो. विचारायचा प्रश्न एकच, की आपल्याकडे नेमकं काय भरलंय? कारण प्रत्येक साइटमध्ये कुठे ना कुठे मर्यादा असलेली एक गोष्ट असते आणि ती संपली की साइट पडते. ती गोष्ट ओळखायची आणि गर्दी तिथे पोचायच्या आधीच्या एखाद्या टप्प्यावर अडवायची, या लेखात पुढे जे काही आहे ते सगळं याच एका वाक्याभोवती फिरतंय.

आधी समजून घेऊ, भरतं म्हणजे काय भरतं

पहिली गोष्ट म्हणजे पाइप, म्हणजे सर्व्हरला इंटरनेटशी जोडणारी लाइन. तुमच्या सर्व्हरला समजा १ जीबीपीएसचा (सेकंदाला १ गिगाबिट) पोर्ट, म्हणजे जोडणी, आहे. आता कुठेतरी हजार सीसीटीव्ही कॅमेरे कोणाच्या तरी ताब्यात गेलेत आणि प्रत्येकाचा अपलोड ५ एमबीपीएस आहे, म्हणजे झाले ५ जीबीपीएस. तुमचा पाइप पाच वेळा भरला. इथे सर्व्हरवर कितीही भारी फायरवॉल (नको तो ट्रॅफिक अडवणारी भिंत) टाका, उपयोग शून्य, कारण फायरवॉल पॅकेट (डेटाचे तुकडे) फेकून देते ते पाइपमधून आत आल्यावर, आणि जाम तर बाहेर झालाय. नवीन लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, ते रात्रभर आयपी (इंटरनेटवरचे मशीनचे पत्ते) ब्लॉक करत बसतात आणि साइट काही उघडत नाही.

कॅमेऱ्यांचं उदाहरण मी मनाने घेतलेलं नाही हां. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने नेमकं हेच केलं, कॅमेरे, डीव्हीआर, राउटर असली उपकरणं शोधायची आणि कंपनीने दिलेले डिफॉल्ट पासवर्ड टाकून बघायचे. युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी, तेवढ्यावर लाखो उपकरणं हाताला लागली. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी सोय) पुरवणाऱ्या कंपनीवर अटॅक झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट सगळं अडखळलं, त्या साइट्सचे स्वतःचे सर्व्हर ठणठणीत असताना. गंमत म्हणजे मिराईचा उगम मायनक्राफ्ट गेमचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंद्यातल्या चुरशीत होता.

पाइप भरायची दुसरी युक्ती म्हणजे रिफ्लेक्शन. अटॅकर तुमचा आयपी पाठवणाऱ्याच्या जागी लिहून तिसऱ्याच कुठल्यातरी सर्व्हरला छोटासा प्रश्न विचारतो आणि त्याचं भलंमोठं उत्तर तुमच्या दारात येऊन पडतं. हे यूडीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीत जमतं, कारण तिथे आधी हातमिळवणी नसते, पत्त्याची खात्री कोणी करत नाही. डीएनएसमधून साधारण २८ ते ५४ पट, जुन्या एनटीपी (घड्याळ जुळवणाऱ्या) सर्व्हरमधून ५५६ पटीपर्यंत, आणि उघड्यावर पडलेल्या मेमकॅश या डेटा मेमरीत साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तर ५१ हजार पटीपर्यंत फुगतं. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर मेमकॅशवालाच अटॅक आला होता, १.३५ टीबीपीएस. त्यांनी ट्रॅफिक अकामाई या अटॅक गाळून देणाऱ्या कंपनीकडे वळवला आणि दहाएक मिनिटांत सावरले. वळवायची सोय आधीपासून तयार होती म्हणून सावरले, हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे कनेक्शनची यादी. टीसीपी या पद्धतीत आधी हातमिळवणी असते, ब्राउझर सिन (जोडायची विनंती) पाठवतो, सर्व्हर सिन-अ‍ॅक देतो आणि शेवटच्या अ‍ॅकची वाट बघतो. तो अ‍ॅक आलाच नाही तर? लिनक्स डिफॉल्टला पाच वेळा परत पाठवून बघतो, म्हणजे एकेक अर्धवट कनेक्शन मिनिटभर जागा अडवून बसतं. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीला याच सिन फ्लडने काही दिवस आडवं केलं होतं. त्यातूनच सिन कुकीजची कल्पना पुढे आली, सर्व्हर काहीच लक्षात ठेवत नाही, सगळी माहिती उत्तरातल्या सिक्वेन्स नंबरमध्येच कोंबतो आणि खरा अ‍ॅक आला तरच कनेक्शन उघडतो. फार सुंदर डोकं लावलंय राव.

तिसरी गोष्ट, वर्कर. म्हणजे तुमच्या रिक्वेस्टवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस. पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीतल्या साइट्स चालवणारं सॉफ्टवेअर) डिफॉल्ट सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ५ चाइल्ड प्रोसेस असतात. एक पान बनायला अर्धा सेकंद लागत असेल तर सेकंदाला १० पानं, संपला विषय. अकरावा माणूस रांगेत. म्हणजे तुमची साइट पाडायला टेराबिट वगैरे काही लागत नाही, एका लॅपटॉपवरून सेकंदाला वीस रिक्वेस्ट पुरतात, आणि बँडविड्थचा ग्राफ बघितला तर तो एकदम शांत.

स्लोलोरिस नावाचं टूल २००९ मध्ये आलं ते याहून चिवट. हेडरचा (रिक्वेस्टच्या सुरुवातीच्या माहितीचा) एक तुकडा पाठवायचा, थांबायचं, अजून एक तुकडा, परत थांबायचं, रिक्वेस्ट कधी पूर्णच करायची नाही. जुन्या पद्धतीने चालणारं अपाची हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर प्रत्येक कनेक्शनला एक वर्कर देतं, ते सगळे वर्कर अशा अर्धवट बोलणाऱ्यांसमोर कान देऊन उभे राहतात.

चौथी गोष्ट डेटाबेस आणि सीपीयू. मायएसक्यूएल या डेटाबेसला डिफॉल्टने १५१ कनेक्शन मिळतात. सर्च, फिल्टर, रिपोर्ट, पीडीएफ एक्सपोर्ट असली पानं एकेका रिक्वेस्टमध्ये हजार साध्या पानांचं काम काढतात. आणि कधी कधी अटॅकर नसतानाही अटॅक होतो. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद होती, कारण काय, तर एका पोस्टमध्ये सलग २० हजार स्पेस होत्या आणि त्या छाटायला लिहिलेलं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) त्यात गोल गोल फिरत बसलं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण मुद्दाम करणाऱ्याला हेच हवं असतं.

पायरी १: शांत असतानाचे आकडे लिहून ठेवा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात स्वस्त हेच आहे. नेहमीच्या दिवशी सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात, गर्दीच्या वेळी किती, पोर्टवर किती एमबीपीएस चालतं, किती कनेक्शन उघडी असतात, कुठली पानं सगळ्यात हळू आहेत. हे माहीत नसेल तर त्या दिवशी "खूप ट्रॅफिक आहे" एवढंच म्हणता येतं, आणि खूप म्हणजे किती?

कारण बऱ्याचदा तो अटॅक नसतोच. एखादी लिंक व्हायरल झाली, एखादा क्रॉलर (आपोआप पानं वाचत फिरणारा बॉट) तुमच्या फिल्टरच्या पानांच्या लाखो कॉम्बिनेशन चघळत बसला (हल्ली एआयसाठी डेटा गोळा करणारे बॉट तर विचारू नका), बॅकअपची स्क्रिप्ट दिवसा चालू झाली. मी स्वतः एकदा दोन तास अटॅक म्हणून डोकं धरून बसलो होतो आणि निघालं काय, तर आमचंच मॉनिटरिंग, चुकीच्या सेटिंगमुळे दर सेकंदाला सर्चचं पान मारत होतं. साप म्हणून भुई धोपटणं दुसरं काय.

याच पायरीत स्वतःची साइट किती झेपते तेही मोजून घ्या. अपाची बेंच, डब्ल्यूआरके, के-सिक्स ही लोड टाकून बघायची फुकट टूल्स आहेत. स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरवर चालवा, आधी होस्टिंगवाल्याला कळवा, आणि होमपेजवर न थांबता सर्चवर, लॉगिनवर, कार्टवर चालवा. होमपेज कॅशमधून (आधीच बनवून ठेवलेल्या प्रतीतून) येतं, ते कायम हिरोच दिसतं. आणि दुसऱ्याच्या साइटवर "टेस्ट" करायची नाही, तो गुन्हा आहे, भाड्याने अटॅक करून देणाऱ्या साइट्स वापरणंही त्यातच आलं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये एफबीआयने असल्या १५ साइट्सची डोमेन एका झटक्यात जप्त केली होती.

पायरी २: सर्व्हरवरच्या फुकटातल्या गोष्टी उरकून घ्या

अर्ध्या तासाचं काम आहे. सिन कुकीज चालू आहेत का बघा, आजकालच्या लिनक्समध्ये असतातच पण कोणीतरी कधीतरी "परफॉर्मन्स ट्युनिंग" वाचून बंद केलेल्या सापडतात. नको असलेले पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअर ज्यावर ऐकतं ते नंबरचे दरवाजे) बंद करा. मेमकॅश, रेडिस, डेटाबेस हे फक्त १२७.०.०.१ (म्हणजे तेच मशीन) किंवा आतल्या नेटवर्कवरच ऐकतायत ना ते तपासा, नाहीतर तुमचाच सर्व्हर दुसऱ्या कोणावरच्या अटॅकमध्ये भागीदार होतो आणि होस्टिंगवाला तुम्हाला बंद करतो. मेमकॅशने १.५.६ व्हर्जनपासून यूडीपी डिफॉल्टला बंदच केलंय, जुनं असेल तर अपडेट करा.

टाइमआउट कमी करा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये क्लायंटकडून हेडर आणि बॉडी यायची वाट डिफॉल्टला ६० सेकंद बघितली जाते, साध्या साइटला १०-१५ सेकंद भरपूर झाले (मोठ्या फाइल अपलोड होत असतील तर तेवढ्या पानापुरतं सैल ठेवा). अपाची असेल तर रिक्वेस्ट टाइमआउटचं मॉड्यूल चालू ठेवा आणि प्रीफोर्कवरून (एका कनेक्शनला एक प्रोसेस) इव्हेंटवर (थोड्या प्रोसेस, बरीच कनेक्शन) जाता आलं तर जा, किंवा पुढे एनजिनएक्स उभं करा, स्लोलोरिसचा दम तिथेच निघतो.

आणि अपडेट. ऑक्टोबर २०२३ मध्ये एचटीटीपी-टू (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याची एक पद्धत) मधला रॅपिड रीसेट नावाचा प्रकार उघड झाला, रिक्वेस्ट पाठवायची आणि लगेच कॅन्सल करायची, परत पाठवायची, परत कॅन्सल. गूगलने यात सेकंदाला ३९.८ कोटी रिक्वेस्ट मोजल्या. क्लाउडफ्लेअर या साइट्सच्या पुढे ढाल धरणाऱ्या कंपनीवर जो आला त्यात मशीन फक्त २० हजारांच्या आसपास होती, म्हणजे मिराईच्या तुलनेत चिल्लर. जो सर्व्हर अपडेट झाला तो वाचला, इथे दुसरं काही शहाणपण चालत नाही.

पायरी ३: रेट लिमिट, पण डोळे उघडे ठेवून

एनजिनएक्सचं लिमिट रिक्वेस्ट हे मॉड्यूल बहुतेकांना पुरतं. प्रत्येक आयपीला सेकंदाला अमुक रिक्वेस्ट, वर थोडा बर्स्ट (क्षणभर जास्तीची सूट). एक एमबी मेमरीत साधारण ८ हजार आयपींची नोंद राहते, त्यामुळे दहा एमबीचा झोन दिला की छोट्या साइटला चिंता नाही. जास्त आलेल्यांना डिफॉल्टला ५०३ (सर्व्हर उपलब्ध नाही) जातो, तो बदलून ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) करा, म्हणजे लॉगमध्ये "सर्व्हर पडला" आणि "आम्हीच अडवलं" वेगळं दिसेल.

सगळ्या साइटला एकच लिमिट लावू नका. एका पानात चाळीस इमेज आणि स्क्रिप्ट असतात, सेकंदाला ५ चं लिमिट सगळीकडे लावलं तर पहिलाच खरा माणूस उडणार. स्टॅटिक फाइल्स मोकळ्या सोडा, साध्या पानांना सैल लिमिट, आणि लॉगिन, सर्च, पासवर्ड रीसेट, ओटीपी यांना एकदम घट्ट. ओटीपीला तर आयपीसोबत मोबाइल नंबरवरही लिमिट हवं, नाहीतर साइट पडायच्या आधी एसएमएसचं बिल तुम्हाला पाडेल. आणि लावायच्या आधी ड्राय रन वर ठेवा, ती सोय एनजिनएक्समध्येच आहे, एक-दोन दिवस कोण कोण अडकलं असतं ते लॉगमध्ये नुसतं बघा.

आता माझी फजिती सांगतो. साइट सीडीएनच्या (पानांच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) मागे होती, मी मोठ्या थाटात प्रति आयपी लिमिट लावलं आणि पाच मिनिटांत अर्धं जग बाहेर. कारण माझ्या सर्व्हरला दिसत होते ते सगळे आयपी सीडीएनचे होते! हजारो लोक पाच-दहा आयपींच्या आडून येत होते आणि मी त्या पाच-दहांनाच ठोकत होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी. त्यामुळे सीडीएन असेल तर आधी रिअल आयपीचं मॉड्यूल सेट करा, आणि त्यात फक्त सीडीएनच्या जाहीर केलेल्या आयपी रेंजवरच विश्वास ठेवा, कारण मूळ आयपी सांगणारा फॉरवर्डेड-फॉर हा हेडर कोणीही मनाला येईल तो आकडा घालून पाठवू शकतो.

हाच प्रॉब्लेम मोबाइल नेटवर्कचाही आहे, एका पब्लिक आयपीमागे शेकडो-हजारो फोन असू शकतात. म्हणून कायमचा ब्लॉक शक्यतो टाळा, दहा-पंधरा मिनिटांचा पुरतो. फेल-टू-बॅन हे टूल हे काम आपोआप करतं. देशच्या देश ब्लॉक करणं हा उपाय लोकांना फार आवडतो, मला नाही, पण अटॅकच्या दोन तासांपुरता चालतो.

पायरी ४: पुढे ढाल उभी करा आणि मागचा पत्ता लपवा

पाइपचा प्रश्न तुमच्या सर्व्हरवर सुटत नाही हे वर बघितलं. मग तो कुठे सुटणार, तर ज्याचा पाइप अटॅकपेक्षा मोठा आहे त्याच्याकडे. सीडीएन कंपन्यांचे सर्व्हर जगभर असतात आणि सगळ्या ठिकाणांहून एकच आयपी जाहीर केलेला असतो, याला एनीकास्ट म्हणतात, त्यामुळे अटॅक आपोआप विखुरला जातो, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा. क्लाउडफ्लेअरच्या फ्री प्लॅनवरही २०१७ पासून डीडॉस संरक्षणाला ट्रॅफिकची मर्यादा नाही. एडब्ल्यूएसवर (अमेझॉनच्या क्लाउडवर) असाल तर शील्डचा बेसिक प्रकार फुकट मिळतो. बातम्यांच्या किंवा मानवी हक्कांच्या साइटसाठी गूगलचं प्रोजेक्ट शील्ड आणि क्लाउडफ्लेअरचं प्रोजेक्ट गॅलिलिओ आहे, दोन्ही फुकट, फक्त अर्ज करावा लागतो. अटॅकच्या मधोमध अर्ज करायला बसू नका, तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार होतो तो.

पण सीडीएन लावलं म्हणजे झालं असं समजून नव्वद टक्के लोक इथेच थांबतात (हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण छातीठोक). तुमच्या मूळ सर्व्हरचा आयपी जगाला माहीत असेल तर अटॅकर सीडीएनला वळसा घालून थेट मागच्या दाराशी येतो. आणि तो आयपी सापडतो कुठे कुठे? डीएनएसचा जुना इतिहास साठवून ठेवणाऱ्या सर्व्हिस असतात, सीडीएन लावायच्या आधीचा रेकॉर्ड तिथे तसाच असतो. मेल सर्व्हर त्याच मशीनवर असेल तर एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचा ती डीएनएसमधली नोंद) सांगतो. एफटीपी, डेव्ह, स्टेजिंग असले सबडोमेन सीडीएनबाहेर राहिलेले असतात, आणि सबडोमेनची नावं सर्टिफिकेटच्या सार्वजनिक लॉगमध्ये सगळ्यांना दिसतात. आणि सगळ्यात मजेशीर, साइट पासवर्ड रीसेटचा मेल स्वतःच पाठवत असेल तर त्या मेलच्या हेडरमध्ये आयपी लिहिलेला असतो. अटॅकर फक्त "पासवर्ड विसरलो" दाबतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मेल वेगळ्या सर्व्हिसमधून पाठवायला लावा, सगळे सबडोमेन एकतर सीडीएनमागे घ्या नाहीतर वेगळ्या मशीनवर हलवा, मग होस्टिंगवाल्याकडून मूळ सर्व्हरला नवा आयपी घ्या, आणि नव्या आयपीवर पहिल्या मिनिटापासून फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ (वेबचे) पोर्ट फक्त सीडीएनच्या रेंजला उघडे ठेवा. आयपी आधी बदलला आणि मेल नंतर हलवला तर नवा आयपीही फुटला, परत पहिल्यापासून. सीडीएन आणि सर्व्हरमध्ये क्लायंट सर्टिफिकेट (सीडीएनने आपली ओळख पटवायचं) लावता आलं तर अजून छान.

डीएनएस विसरू नका. डाइनच्या वेळी पडलं ते डीएनएसच होतं. डीएनएस चांगल्या एनीकास्टवाल्याकडे ठेवा, मोठी साइट असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांकडे, आणि ए रेकॉर्डचा (साइटच्या आयपीची नोंद) टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ साठवून ठेवायची) ३०० सेकंदांच्या आसपास, म्हणजे गिटहबसारखं ट्रॅफिक वळवायची वेळ आली तर दिवसभर थांबावं लागणार नाही. टीटीएल अटॅक सुरू झाल्यावर कमी करून उपयोग नसतो बरं का, जुना आकडा लोकांच्या कॅशमध्ये बसलेला असतो.

क्लाउडवर ऑटोस्केलिंग असेल तर एक इशारा. साइट पडणार नाही, पण मशीन वाढत जातील आणि महिनाअखेरीस बिल बघून तुम्ही पडाल. वरची मर्यादा आणि बिलिंग अलार्म, दोन्ही आजच लावा.

पायरी ५: महाग पानं स्वस्त करा

माझ्या मते खरी मेहनत इथे घालायला हवी, कारण छोट्या साइट्सवर मी जे बघितलंय त्यात पाइप भरल्याची उदाहरणं थोडी आणि सर्चने डेटाबेस बसल्याची भरपूर.

लॉगिन न केलेल्या माणसाला दिसणारं प्रत्येक पान कॅशमधून जायला हवं, अगदी ३० सेकंदांचा कॅश असला तरी. सेकंदाला पाचशे रिक्वेस्ट आल्या तरी मागे तीस सेकंदात एकच जाते. पण अटॅकरला हे माहीत असतं, म्हणून तो लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून काहीतरी रँडम आकडा जोडतो, कॅशला प्रत्येक वेळी नवीन पान वाटतं आणि सगळं थेट डेटाबेसवर. त्यामुळे कॅशला सांगून ठेवा की आपल्याला लागणारे पॅरामीटर हे एवढेच, बाकीचे पान ओळखताना धरू नकोस.

सर्चला कमीत कमी तीन अक्षरं, पानांची मर्यादा (हजाराव्या पानावर खरा माणूस जात नाही हो), क्वेरीला दोन-तीन सेकंदांचा टाइमआउट. पीडीएफ, एक्सपोर्ट, इमेज रिसाइज ही कामं रांगेत टाका, रिक्वेस्टच्या आत करू नका. अपलोडला साइजची मर्यादा. ग्राफ-क्यूएल (डेटा मागवायची एक भाषा) असेल तर क्वेरीच्या खोलीला (एकात एक किती थर) मर्यादा. युजरने दिलेल्या मजकुरावर चालणारं रेग्युलर एक्स्प्रेशन असेल तर त्यात प्लसच्या ("परत परत" सांगणारी खूण) आत प्लस आहे का बघा आणि आधी मजकुराची लांबी तपासा.

वर्डप्रेसवाल्यांनो, एक्सएमएल-आरपीसीची फाइल लागत नसेल तर बंद करा. २०१४ मध्ये त्यातल्या पिंगबॅकचा (लिंक दिल्याचं दुसऱ्या साइटला कळवायची सोय) वापर करून १ लाख ६२ हजारांहून जास्त साध्यासुध्या वर्डप्रेस साइट्सना एका साइटवर सोडलं होतं, मालकांना पत्ताही नव्हता. वर्डप्रेसचा क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) पान उघडल्यावर चालतो, तो बंद करून सर्व्हरच्या क्रॉनवर घ्या. लॉगिनच्या पानाला लिमिट वर झालंच आहे.

वर्कर वाढवताना मात्र जपून. पाचाचे पन्नास केले आणि प्रत्येकाला ६० एमबी रॅम लागत असेल तर ३ जीबी गेली, दोन जीबीच्या सर्व्हरवर मग स्वॅप (रॅमऐवजी हळू डिस्क वापरणं) सुरू होतो आणि अटॅकरचं काम तुम्हीच पूर्ण करता.

पायरी ६: अटॅक चालू आहे, आता काय

पहिली पाच मिनिटं काहीही ब्लॉक न करता फक्त बघायची. ग्राफमध्ये इनकमिंग ट्रॅफिक पोर्टच्या मर्यादेला टेकलाय का? टेकला असेल तर पाइप, सरळ होस्टिंगवाल्याला फोन. ट्रॅफिक कमी पण अर्धवट कनेक्शन हजारोंनी? लिनक्सच्या एसएस कमांडमध्ये सिन-रिसीव्ह अवस्थेतली कनेक्शन मोजा, सिन फ्लड. कनेक्शन खूप, उघडी, पण अ‍ॅक्सेस लॉगमध्ये सामसूम? स्लोलोरिसचा भाऊबंद. लॉग धो धो वाहतोय? मग कुठलं पान, कुठले आयपी, कुठला युजर एजंट (ब्राउझर स्वतःचं सांगतो ते नाव) ते मोजून काढा, लॉगचा पहिला कॉलम सॉर्ट करून युनिकने मोजला की टॉपचे वीस समोर येतात. आणि लॉग शांत, सीपीयू शांत, पण डेटाबेसची क्वेरींची यादी भरलेली, तर एखादंच महाग पान.

पाइपच्या केसमध्ये होस्टिंगवाला काय करेल ते आधीच विचारून ठेवायचं. बरेच जण तुमचा आयपी ब्लॅकहोल करतात, म्हणजे तुमच्याकडे येणारा सगळाच ट्रॅफिक, चांगला-वाईट न बघता, फेकून देतात. शेजारचे वाचतात, तुम्ही जाता. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबर आहे, पण किती तासांसाठी, आणि फिल्टर करून देण्याची सोय आहे का, हे प्रश्न अटॅकच्या रात्री सपोर्टच्या चॅटमध्ये विचारण्यासारखे नाहीत.

लॉगवाल्या केसमध्ये सारखेपणा शोधा. दहा हजार आयपी असतील पण सगळे एकाच पानावर येतायत, किंवा कोणाच्याच रिक्वेस्टमध्ये भाषेचा हेडर नाही, किंवा सगळे एकाच जुन्या ब्राउझरचं नाव सांगतायत. तो धागा पकडून सीडीएनवर एक नियम लिहिलात तर दहा हजार आयपींची यादी करावी लागत नाही. आधी ब्लॉकऐवजी चॅलेंज (ब्राउझर खरा आहे का याची छोटी परीक्षा) द्या, खरा ब्राउझर पार होतो. क्लाउडफ्लेअरवर असाल तर अंडर अटॅक मोड चालू करा, फक्त तुमची एपीआय आणि मोबाइल अ‍ॅप त्या चॅलेंजमध्ये अडकतील, त्यांचा रस्ता वेगळा ठेवा. गूगलबॉटचं नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आयपीचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव) काढून बघा, नाव तर कोणीही सांगतं.

फारच ताण आला तर सर्च बंद करा, कॉमेंट बंद करा, होमपेजची स्टॅटिक कॉपी लावा. अर्धी साइट चालू असणं हे पूर्ण बंद असण्यापेक्षा कधीही बरं.

खंडणीचा मेल आला तर पैसे देऊ नका. २०१६ मध्ये आर्माडा कलेक्टिव्ह या खंडणीखोर टोळीच्या नावाने कित्येक कंपन्यांना धमक्या गेल्या होत्या, क्लाउडफ्लेअरने आपल्या ग्राहकांकडे चौकशी केली तर धमकीनंतर प्रत्यक्ष अटॅक झाल्याचं एकही उदाहरण त्यांना सापडलं नाही. मेल जपून ठेवा, सायबर पोलिसांकडे द्या, आणि वरच्या पायऱ्या पटापट तपासा.

अजून एक, अटॅकच्या गोंधळात दुसरीकडे लक्ष ठेवायला एक माणूस बाजूला काढा. साइटवर गर्दी करून मागून लॉगिन फोडायचा प्रयत्न करणारेही असतात, अ‍ॅडमिनचे लॉगिन आणि नवीन बनलेले युजर तेवढे बघत राहायचे.

पायरी ७: शांत झाल्यावर

लॉग रोटेट होऊन उडायच्या आत कॉपी करून ठेवा, किती वाजता काय दिसलं आणि काय केलं ते तेव्हाच लिहा, दोन दिवसांनी आठवत नाही. सगळ्यात आधी कुठली गोष्ट पडली ते लिहा, पाइप, कनेक्शन, वर्कर की डेटाबेस. पुढच्या वेळेची तयारी तिथून सुरू करायची. मूळ आयपी फुटला असेल तर पायरी ४ परत.

आणि घाईत लावलेले नियम काढा. प्रत्येक नियमापुढे तारीख आणि कारण लिहायची सवय लावून घ्या. मी एकदा अटॅकच्या रात्री "ज्यांच्याकडे युजर एजंट नाही ते सगळे बंद" असा नियम टाकला होता, अटॅक चाळीस मिनिटांत थांबला, सगळे खुश. तीन आठवड्यांनी अकाउंट्सवाल्यांनी विचारलं की लोकांचे पैसे कटतायत पण ऑर्डर पेंडिंगच का दिसतायत. पेमेंट गेटवे जो कन्फर्मेशनचा कॉल पाठवायचा त्याला युजर एजंट नव्हता.